पहिल्या पानावर खुनी

हरेश्वरकाका राऊतांकडून रहस्यकादंबरी वाचायला आणली तर पहिलं पान उघडायचं नाही. डोळे मिटून थेट पाचव्या-सहाव्या पानावर उतरायचं. हे शहाणपण मला फार उशिरा आलं. त्यांनी दिलेलं पहिलंच पुस्तक मी मोठ्या हौसेने घरी आणलं, गॅसवर चहा ठेवला, पाय वर घेऊन बसले आणि पान उलटलं. समोर हे एवढं पिवळंधमक लेबल. त्यावर लाल शाईत, सुवाच्य अक्षरात: 'आत: दोन खून, एक अपहरण. खुनी: धाकटा मेहुणा. काळजीपूर्वक हाताळावे.'

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तणतणत जिना चढून वरच्या मजल्यावर गेले.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं?"

"खुनी कोण ते लिहून ठेवलंत!"

"मंग?" काकांना माझा मुद्दाच कळेना. "आत काय हाय ते बाहेरून कळायला नको? बाय, धोका आदी सांगावा."

'धोका आधी सांगावा' हे काकांचं ब्रीदवाक्य. त्यांची उमेदीची सगळी वर्षं इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात, सेफ्टी विभागात गेली होती. कुठल्या ड्रममध्ये काय आहे हे ड्रमवर लिहिलेलं नसेल, तर मालक आला तरी काका त्याला हात लावू देत नसत म्हणे. निवृत्त होताना कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी आपल्या तोंडाने मागून घेतलं ते फक्त एक खोकं, ड्रमवर चिकटवायच्या कोऱ्या लेबलांचं. साहेबांना वाटलं, म्हातारा लोणच्याच्या बरण्यांना लावेल.

आमच्या इमारतीत काकांची सेफ्टी अजून चालूच आहे. प्रत्येक मजल्यावर वाळूने भरलेली लाल बादली त्यांनी स्वखर्चाने टांगली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बादलीत कुणीतरी कोथिंबीर पेरली, तेव्हा काका दोन दिवस जेवले नाहीत. जिन्यात कोणी भेटलं की नमस्कार नाही, कसं काय नाही, आधी "कठडा धरा". पायात बारा महिने बंद बूट. त्यांच्या भावाची चिंचणीकडे वाडी आहे, तिथे केळीला पाणी सोडायलासुद्धा हा माणूस बूट घालून जातो. भाऊ म्हणतो, आमचा हरेश्वर पाळण्यातही हेल्मेट घालून झोपला असता.

अशा माणसाने रहस्यकादंबऱ्या वाचाव्यात हा त्या लिहिणाऱ्यांवर अन्याय आहे. नवी कादंबरी आली की काका ती दोन-तीन दिवसांत फस्त करतात, आणि मग त्यांचं मत ऐकण्यावाचून आम्हाला सुटका नसते. खुनी कोण याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांचं म्हणणं एकच: हा खून टाळता आला असता.

"आता बघ," ते मला सांगत होते, "बंगला एवढा मोटा, आनि बाहेर पडायला दार एकच? दुसरं दार असतं तर ती बाई वाचली असती. तो इन्स्पेक्टर येतो, शंभर पानं फिरतो, खुनी पकडतो. पन शेवटी दुसरं दार पाडलं का? नाय! म्हंजे पुडच्या खुनाची सोय करून गेला."

एका कादंबरीत कोणीतरी चहात विष घालतं. काकांचा सगळा राग त्या घरच्या बाईवर. "उंदराचं औषध साखरेच्या डब्याशेजारी! फळी तीच! ह्याला खून नाय म्हनत, ह्याला ठेवायची चूक म्हनतात."

बरं, हे मत ते घरात बसून सांगतील तर ठीक. पण नाही. एकदा मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले होते. लॅबमध्ये पोचायच्या आत तेवढाच वेळ वाचायला मिळतो. हातात त्यांच्याकडचीच कादंबरी होती, लेबल मी न बघता कागद चिकटवून झाकलं होतं. बस सुटली तेवढ्यात काका फिरून परत येताना दिसले. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी ओळखलं आणि हात वर करून ओरडले, "ड्रायव्हर! ड्रायव्हर!" आमच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. "क्या हुआ साहब?" काका खिडकीपाशी आले, मला म्हणाले, "त्यात ड्रायव्हरनं मारलंय. उगाच त्या नवऱ्यावर संशय घेऊ नको," आणि कठडा धरून फुटपाथवर चढले. अख्ख्या बसला कादंबरीचा शेवट कळला. मी त्या दिवशी ठरवलं, आयुष्यात एकदा तरी या माणसाला असाच शेवट आधी सांगून टाकायचा आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं.

काकांकडे दुसऱ्या जातीचीही पुस्तकं असत. चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी हल्ली ज्या कादंबऱ्या निघतात त्या. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी, कानात हेडफोन, वर ढग. सत्तरीकडे झुकलेला माणूस त्या का वाचतो हे मला कोडं होतं. पण वाचायचे, आणि लेबलही लावायचे: 'आत: एक प्रेम, दोन मैत्रिणी, एक भांडण. आईबाप गैरहजर.'

या पुस्तकांवर त्यांचा आक्षेप ठरलेला असे. "ही पोरगी घरातून निगून जाते, पार डोंगरावर जाते, रडते, शानी होते, परत येते. ठीक हाय. पन हिचा बाप कुटं हाय? तो कुटल्या शिफ्टला जातो? ते लेखक लिवत नाय."

"काका, सगळ्यांचे बाप शिफ्टला नसतात."

"नसतील. पन घरात दिसत नाय म्हंजे शिफ्टलाच असनार ना?"

मला हसू यायचं. एकदा म्हणाले, "सोळा वर्षांची पोर एवडं पुस्तकासारखं बोलत नाय." मी सहज विचारलं, "मग कशी बोलते?" काकांनी हातातलं लेबल उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, "मला काय म्हाईत?" आणि लेबल चिकटवायला लागले.

त्यांना एक मुलगी आहे, हर्षला. पुण्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. ही सगळी नवी पुस्तकं तीच पाठवते, एवढंच मला ठाऊक होतं. काकू गेल्या त्याच वर्षी आम्ही इथे राहायला आलो, त्यामुळे काकूंना मी पाहिलेलं नाही. हर्षलालाही एकदोनदाच. येते, घर आवरते, डबे घासते, जाते. बापलेक समोरासमोर बसले की दोघंही त्या निवृत्तीच्या घड्याळाकडे बघत असत.

गेल्या महिन्यात काकांनी मला एक नवीकोरी रहस्यकादंबरी दिली. जिची सगळीकडे चर्चा चालली होती तीच. मी सावधपणे पहिली चार-पाच पानं सोडून उघडली. पण काकाही हुशार झाले होते. या वेळी लेबल प्रत्येक भागाच्या सुरुवातीला होतं: 'खुनी: डॉक्टर.' 'खुनी: डॉक्टर.' 'अजून डॉक्टरच.'

माझं डोकंच फिरलं. रविवारी सकाळी पुस्तक घेऊन मी भांडायला वर गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते, समोर फोन, स्पीकर चालू. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि खुर्चीकडे हात केला. मी बसले.

"नाय गं, कुटलं संपतंय," काका फोनवर सांगत होते. "शेवट अजून राहिलाय. मला वाटतं माळ्यानं मारलं."

मी हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग काकांकडे.

"माळी?" पलीकडून हर्षला हसली. "पप्पा, माळी कशाला मारेल?"

"अगं, त्याच्याकडं फवारनीचं औषध असतं. कुलूप लावत नाय तो. तू सांगू नको हां! मी वाचतोय. पुडच्या रविवारी सांगतो."

ज्या माणसाने चालती बस थांबवून मला खुनी सांगितला, तो बसल्या जागी चेहऱ्यावरची रेषही न हलवता माळ्यावर आळ घेत होता. एवढ्यात आत दूध उतू जायला लागलं. काका धावले नाहीत, ते कधीच धावत नाहीत, पण लगबगीने आत गेले. जाताना फोनला म्हणाले, "खालची वहिनी हाय, तिच्याशी बोल जरा."

मी हॅलो म्हटलं. वाटलं, आला क्षण. 'हर्षला, डॉक्टर! आणि तुझ्या वडिलांना केव्हाच माहीत आहे!' एवढं म्हटलं की सगळी फिट्टंफाट. पण तीच आधी बोलली, आवाज खाली करून.

"वहिनी, पप्पांना बोलू नका हं. माझं ते पुस्तक कधीच वाचून झालंय. शाळेच्या कपाटात ठेवायच्या आधी मला वाचावंच लागतं ना."

"मग सांगत का नाहीस?"

"आई होती तेव्हा मी फोन केला की पप्पा म्हणायचे, थांब, आईला देतो. आई गेल्यावर फोन कुणाला देणार? जेवलात का, हो. गोळी घेतली का, हो. ठेवू का, ठेव. मग एकदा मी सहज पुस्तक पाठवलं, आणि पप्पा पहिल्यांदा अर्धा तास बोलले. संपलं असं म्हटलं की ते म्हणतात, बरं, ठेव मग. म्हणून मी संपवतच नाही."

काका दुधाचं भांडं उतरवून, हात पुसत बाहेर आले. हर्षलाचा आवाज पुन्हा मोठा झाला. "पप्पा, ऐका. पुढच्या रविवारी फोन नको. शाळेला सुट्टी आहे, मीच येते. शेवटचा भाग आपण दोघं मिळून वाचू."

"ये," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "ये ये. सावकाश ये."

फोन बंद झाला. मला वाटलं आता हा माणूस खूश होईल. पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि लेबलाचा कोपरा नखाने उचकटायला लागले.

"नाय निगनार," ते म्हणाले. "ड्रमचं लेबल हाय. पावसात नाय निगत, अ‍ॅसिड सांडलं तरी नाय निगत. मीच पास केलं होतं, बाय."

"अहो, पण बघितलं तिने तर काय होईल?"

"तिला कळेल ना, माजं वाचून झालंय." काका पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलत होते. "सगळंच वाचून झालेलं असतं. मंग ती फोन कशाला करेल? ती शाळेत जायची तवा मी झोपलेला असायचा. मी जागा असायचा तवा ती झोपलेली. नाईट असली की तिची आई तिला सांगायची, हळू चाल, पप्पा झोपलेत. ती पोर घरात पाय न वाजवता मोटी झाली. सोळा वर्षांची कदी झाली मला दिसलीच नाय. आता ह्या पुस्तकात बघतो, तशी असेल काय ती?"

त्यांच्या मागच्या कपाटात पाठमोऱ्या मुलींची रांग उभी होती. प्रत्येकीच्या आत एकेक पिवळं लेबल: आईबाप गैरहजर.

"खोबरेल तेल लावून बघू या," मी म्हटलं. "बरण्यांची लेबलं निघतात त्याने."

मी खाली जाऊन बाटली आणि जुनं फडकं आणलं. आम्ही टेबलाशी बसलो आणि घासायला लागलो. आधी मी, मग ते, असं आळीपाळीने. बराच वेळ काही हललं नाही. मग कडा जरा सैल झाल्या. 'खुनी' गेलं, 'डॉक्टर' जाईना. काका चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून घासत होते, कागद फाटू नये म्हणून दर थोड्या वेळाने फुंकर मारत होते.

"निगेल ना गं, बाय? रविवारपावेतो?"

मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं. दोन्ही बाजूंचा शेवट मला ठाऊक होता. एक वाक्य बोलले असते तर त्यांचे हात तिथेच थांबले असते. इतक्या वर्षांचा बदला तोंडाशी आला होता, आणि या वेळी तर तो ऐकून काका खूशच झाले असते. पण मग हर्षलाने पुढच्या पुस्तकात कुठे थांबायचं, आणि काकांनी कुठल्या माळ्यावर संशय घ्यायचा?

"निघेल," मी म्हटलं. "तेल अजून थोडं घ्या."