चोरी कोणत्या वार्डातली?

कुणी मेल्याचं सांगितलं तरी आमचे शेजारी पाठक आधी विचारतात, “कोणत्या वार्डातलं?” माझ्या नातवाला चिकलठाण्याची मुलगी सांगून आली, तर हे म्हणाले, “वहिनी, तिकडं मागच्या निवडणुकीला कोण आलं होतं, ते बघितलं का?”

मी म्हणलं, “आम्ही मुलगी बघितली.”

पाठक सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. बायको वारली, मुलगा पुण्याला. पुढच्या खोलीत भिंतभर शहराचा नकाशा. बायकोच्या टिकल्यांची पाकिटं उरली होती, ती यांनी कामाला लावली. चोरी झाली की त्या वार्डावर लाल टिकली, गरीब वस्ती असली की काळी, नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा असला की पिवळी. जिथं गरिबी तिथं चोरी, आणि जिथं चोरी तिथं तो पक्ष, हा त्यांचा शोध. “मी नाही म्हणत, टिकल्या म्हणतात!”

“मग गरिबी कमी करा की,” मी म्हणलं. “मताचं काय घेऊन बसलात?”

“तो वेगळा विषय आहे, वहिनी.”

आमचं पुंडलिकनगर तेवढं कोरं होतं. आपण मत बरोबर देतो ना, म्हणून.

आणि माझीच हौदात नळाचं पाणी ओढायची मोटर चोरीला गेली, नळीसकट. वाटलं, आता हे तोंड लपवून बसतील. तर माणूस अनवाणी पळत आला, लग्नाचं आमंत्रण मिळाल्यासारखा.

“खरंच चोरी? आपल्या वार्डात? चला, तक्रार देऊ!”

“एका मोटरीपायी?”

“पेपरात यायला पाहिजे, वहिनी!”

पोलीस ठाण्यात एक पेपरवाला बसलेलाच असतो. पाठकांनी त्याला धरूनच ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बातमी आली. मी भाजी द्यायला गेले, तर पाठक इस्त्रीचा सदरा घालून मोबाईलसमोर बसलेले. फोन वाजला. मुलाचा. एरवी महिना महिना करत नाही. इथल्या बातम्या मात्र बघतो.

“हो रे, अगदी शेजारीच. कडी लावतो ना... नाही, भीती नाही... म्हणजे, तशी आहे थोडी... शनिवारी येतोस? ये, ये.”

भाजी ठेवून मी गुपचूप परत आले.

गुरुवारी पोलिसांनी कळवलं, मोटर सापडली, घेऊन जा. मी पाठकांना सांगितलं.

“वहिनी, आज ठाण्यात गेलात तर उद्या पेपरात येईल. सापडली म्हणून.”

“मग?”

“शनिवार तेवढा होऊ द्या.”

आमच्याकडं आठवड्यातून एकदाच पाणी येतं. ते शुक्रवारी आलं. मी बादलीनं हौद भरला, कंबर मोडली. मोटर आणायला सोमवारी गेले.