आदर्श वर्गाची बैठकव्यवस्था

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला एक खोली, एक फळा आणि एक लांबलचक सतरंजी होती. पोरं सतरंजीवर बसत, शिकत आणि घरी जात. हा प्रकार किती मागास आहे, हे तालुक्याहून ‘आदर्श वर्गरचने’चं परिपत्रक येईपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष या नात्याने मी, किशनराव, याबद्दल रीतसर खेद व्यक्त केला.

परिपत्रकानुसार वर्गात सहा कोपरे आवश्यक होते : वाचनाचा, गणिताचा, विज्ञानाचा, खेळाचा, स्वच्छतेचा आणि मन रमवण्याचा. रंगनाथ गुरुजींनी खोली फिरून पाहिली.

“साहेब, कोपरे चारच निघायलेत. खोली चौकोनी हाय.”

“मग तिचा चौकोनीपणा दूर करा,” मी म्हणालो. गवंडी बोलावून मध्येच एक अर्धी भिंत घातली. दोन कोपरे निघाले. प्रत्येक कोपऱ्यात टेबल, टेबलावर साहित्य आणि साहित्यावर ‘हात लावू नये’ अशी पाटी आली. आता सतरंजी मावेना. ती ‘निरुपयोगी’ म्हणून दप्तरातून निर्लेखित करून मी घरी नेली, आणि तपासणी होईपर्यंत पोरांना तात्पुरतं व्हरांड्यात बसवलं.

या पोरांत लिंबाजीची लेक पंकजा होती. लिंबाजी आणि त्याची बायको दसरा झाला की ऊसतोडीला जातात. यंदा त्याची आई पारूबाई टेम्पोपुढं आडवी उभी राहिली आणि तिनं नातीला मागं ठेवून घेतलं. “पोरगी शाळेत बसंल, फडावर न्हाई,” ती म्हणाली. लिंबाजी कबूल झाला, पण शाळेत बसत असेल तरच.

आठवड्यातच पारूबाई माझ्या दारात.

“किशनराव, लेकरू पायरीवर बसायलंय. आत एवढी जागा असून भाईर काहून?”

“पारूबाई, वर्ग तपासणीसाठी मांडलाय. पाव्हण्यांचे कप तुम्ही रोज वापरता का?”

“माझ्याकडं एकच कप हाय. पाव्हणाबी त्यातच पितो अन् मीबी.”

आता अशा बाईला मांडणी काय कळणार? माझ्याकडे थोरल्याच्या लग्नातला सोफा आहे. थोरल्याचा पोरगा चालायला लागला, पण सोफ्याचं प्लास्टिक आम्ही काढलेलं नाही. सगळे खाली सतरंजीवर बसतो. म्हणून तर सोफा अजून कोरा करकरीत आहे!

मग पुरवणी परिपत्रक आलं. व्हरांड्यात चपलांची मांडणी हवी. पोरं आवारातल्या लिंबाखाली गेली. तिसऱ्या पत्रात निसर्ग कोपरा निघाला, म्हणून लिंबाला तारेचं कुंपण घातलं.

“साहेब, आता पोरं कुठं बसवू?” गुरुजी रडकुंडीला आले.

“परिपत्रकात पोरांचा उल्लेख आहे का?”

त्यांनी परिपत्रक नीट वाचलं. “हाय की! वर्गातल्या दर्शनी भिंतीवर हसरी बालकं काढावीत म्हणून हाय.”

आम्ही पेंटर लावून ती काढून घेतली. दोन वेण्या घातलेली एक पोरगी मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली, अगदी झकास जमली. तपासणी मात्र पुढं पुढं जात राहिली. खरी पोरं पाटी घेऊन यायची, कुंपणाला टेकून उभी राहायची आणि घरी जायची.

एक दिवस फडावरून लिंबाजीचा फोन आला. “माय, पोरगी शाळेत बसायलीय ना?” पारूबाईला खोटं बोलता येत नाही. “उभी राहायलीय बाबा,” ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मुकादमाची गाडी फडाकडे निघाली. तिच्यात पंकजाला लगेच जागा मिळाली.

संध्याकाळी मी शाळेवर असताना पारूबाई वर्गाच्या खिडकीशी आली. गजातून भिंतीवरच्या पोरीकडं बघत राहिली. “हिला बरी जागा घावली,” म्हणाली. “माझी तर हिच्यापरीस बारीक होती. तेवढीच कशी मावली न्हाई रं?” तिनं डोळ्यांना पदर लावला. मी दाराला कुलूप नीट आहे हे पाहिलं आणि जीव भांड्यात पडला.

अखेर तपासणी झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी टेबलावरून बोट फिरवलं. कणभर धूळ नाही! आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. आता पिंगळीपासून चुडाव्यापर्यंतच्या गावांची माणसं वर्ग बघायला येतात, दारात फोटो काढतात, वाहवा करतात. पोरं कुठं आहेत, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्हीही या. वर्ग बघून झाला की घरी चहाला चला. बसायला सतरंजी आहे, शाळेचीच, मजबूत. सोफ्याचं प्लास्टिक काढायचा आग्रह मात्र धरू नका. मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुम्ही तरी कुठं काढलं होतं?