बाबांची परीक्षा

"पुन्हा एकदा कुठल्या लिंकवर दाबलं, तर हा फोन काढून घेणार," असं दादानं बाबांना सांगून टाकलं. धाकटीला, त्याच्या बहिणीला, ते पटलं नाही. आई गेल्यापासून बाबांचा सगळा दिवस त्या फोनवरच जाई. परगावच्या मित्राशी बुद्धिबळ, नातीचा चेहरा, सगळं त्यातच. पण ते दोनदा फसले होते, आणि दोन्ही वेळा निस्तरायला धाकटीच धावली होती.

धाकटी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाबांना किती समजलंय, हेही तपासूनच पाहावं असं तिनं ठरवलं. सहकाऱ्याच्या फोनवरून तिनं बाबांना एक खोटा निरोप धाडला : 'आपलं पाणी आज संध्याकाळी तोडण्यात येईल. थांबवण्यासाठी इथे दाबा.' दाबलं की एक पान उघडे : 'तुम्ही फसलात! घाबरू नका, या नंबरवर फोन करा.' नंबर तिचा स्वतःचा. बाबा फोटोवर बोट ठेवून फोन लावत. तिचा नंबर त्यांनी कधी वाचलाच नव्हता.

बाबांनी दाबलं नाही. 'हे खोटं वाटतंय, सावध राहा,' असं लिहून त्यांनी तो निरोप आत्याला पाठवला. आत्यानं तो अख्ख्या इमारतीला पाठवला. आणि नेमकं कशापासून सावध राहायचं ते बघायला सगळ्यांनी दाबलं.

"हॅलो, मी फसलोय असं इथे आलंय. आता पुढे काय करायचं?"

"काही नाही काका. सराव होता तो."

"बरं. माझा पिन घेता का लिहून?"

"नको! पिन कुणालाच सांगायचा नसतो."

"कुणाला कुठे सांगतोय? तुम्हालाच सांगतोय ना."

तो फोन ठेवतेय तोच दुसरा. एका बाईंनी घरातली सगळी भांडी भरून ठेवली होती; आता ती ओतून द्यायची का, हे त्यांना विचारायचं होतं. तिसऱ्यानं पाणी राहू दे, पण जमलं तर शेजारच्यांचं तोडा, अशी विनंती केली. दुपारपर्यंत धाकटीचा घसा बसला आणि तपासायचे नमुने तसेच पडून राहिले. संध्याकाळी फोन एकदम गप्प झाला. तिला इतकं बरं वाटलं की आपला नंबरच बंद झालाय, हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

ती तशीच बाबांकडे गेली. दारात चपलांचा ढीग होता. आत बाबा मधल्या खुर्चीत बसले होते आणि भोवती अर्धी इमारत.

"ये, ये! तुझ्या बाबांनी टोळी पकडून दिली," आत्या म्हणाली. "नंबर घेऊन थेट तक्रार केली. बंदच पाडला!"

"बाई होती," शेजारचे काका म्हणाले. "मी स्वतः बोललो. काय सराईत! पिन देतो म्हटलं, तर नको म्हणाली."

"विश्वास बसावा म्हणून," बाबांनी समजावलं. "आणि आवाज कसा?"

"थकलेला. दया यावी असा."

"बघा! तालीम असते त्यांची."

दादा भिंतीला टेकून उभा होता. "हरलो बाबा," तो म्हणाला. "फोन तुमच्याकडेच राहू दे."

बाबा लहान मुलासारखे हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

धाकटीनं दादाला हळूच विचारलं, "अशी तक्रार मागे घेता येते का रे?"

"ज्यानं केली त्यानं लिहून दिलं तर. पण बाबा कशाला देतील?"

तिनं बाबांकडे पाहिलं. ते सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा नंबर घेतला आणि पहिला फोन बाबांना लावला.

"बाबा, मी बोलतेय."

"मी कोण?"

"मी, धाकटी. माझा नंबर बदललाय."

बाबांनी दबक्या, उत्साही आवाजात शेजारच्या काकांना हाक मारलेली तिला स्वच्छ ऐकू आली.

"अहो, लवकर या! तीच बाई. आज माझी मुलगी झालीय!"

आणि त्यांनी फोन कापला.