जेटमधला श्वास

शिवाण्णाचा शेवटचा श्वास त्याच्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये राहिला होता आणि तो सात दिवसांत मोकळा करावा, अशी नगरपालिकेची नोटीस त्याच्या धाकट्या भावाच्या, बसूच्या नावानं आली होती.

श्वास तिथं गेला कसा, याबद्दल कुणाला शंका नव्हती. रविवारी सकाळी शिवाण्णा अंगणात बसून कार्बोरेटरचा जेट साफ करत होता. जेट म्हणजे पितळेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मधोमध केसाएवढं भोक. तो ओठांना लावून त्यानं फुंकर मारली, मारता मारता काहीतरी बोलायला गेला, आणि छाती थांबली. फुंकर आत राहिली, बोलणंही आत राहिलं. अण्णानं त्याआधी दोनदा हाक मारूनही बसू अंथरुणातून उठला नव्हता. ते शेवटचं बोलणं म्हणजे शिवी होती का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

सातव्या दिवशी जन्म-मृत्यू विभागाच्या हत्तरकी बाई स्कूटीवरून आल्या. बसूनं कार्बोरेटर उघडून परातीत मांडला होता. पेट्रोलच्या वासानं अंगणातलं ऊनसुद्धा लांबचं वाटत होतं.

"वाटीत काय हाय?" बाईंनी विचारलं.

"थिनर. रंगाच्या दुकानातनं आणलं. स्वस्त पडतं."

"रबराची रिंग काढलीस न्हवं आधी? थिनरमध्ये फुगती ती."

रिंग तळलेल्या कुरडईसारखी फुगली होती. बसूनं ती चिमटीत धरून वर काढली. "अण्णानं कानाखाली काढली असती."

"नवी आण. जेटमध्ये तार घालू नको, भोक मोठं होतंय. केरसुणीची काडी फिरव आणि माझ्यासमोर फुंकर मार. श्वास हवेत गेला की दाखला देते."

"आणि त्यातलं बोलणं?"

"त्याला रकाना न्हाई. हवेत जातंय ते."

बसूनं काडी फिरवली, जेट ओठांना लावला आणि फुंकायच्या ऐवजी आत ओढून घेतलं.

बाईंचं पेन थांबलं. "हे काय केलंस बाबा?"

बसूनं तोंड घट्ट मिटलं होतं. छातीत तंबाखूचा, साबणाचा, अण्णाच्या शर्टाचा वास भरला होता. अंगण सावकाश वर उचललं जात होतं आणि जास्वंदीची फुलं त्याच्या पायांखालून वाहत होती.

"धरून ठेवता येत न्हाई ते," बाई हळू म्हणाल्या. "कुणालाच येत न्हाई. सोड."

डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यानं सोडलं. अण्णाच्या आवाजात एकच शब्द बाहेर पडला.

"बस."

बाईंनी घड्याळ बघून वेळ लिहिली. "तुझं नाव घेतलं का? उकार ऐकू आला न्हाई. नाव असंल तर श्वास अर्धवट सुटला, असं लिहावं लागंल. बस म्हणाला असंल, तर पुरं."

बसूनं विचार केला. कार्बोरेटर साफ झाला की अण्णा नदीपर्यंत चक्कर मारायचा, आणि मागं वजन पाहिजे म्हणून त्याला न्यायचा.

"पुरं लिहा," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं नवी रिंग आणली, कार्बोरेटर जोडला, नळी लावली. मग हात पुसून, पुढची जागा मोकळी ठेवून, मागच्या सीटवर बसला. किक खाली गेली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

दाखल्यावर शिक्का मारून बाईंनी तो परातीखाली ठेवला आणि दोघांना वाट मिळावी म्हणून आपली स्कूटी बाजूला घेतली.