व्याह्यांची वाईन

गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या नुसत्या वासाने रस्ता बदलणारा माणूस. आणि हेच नाना निकम दर रविवारी दुपारी मला घरी बोलावून वाईन पाजायचे. तेही आग्रहाने. एक घोट, मग एक घास, मग पुन्हा घोट. स्वतः समोर स्टूल ओढून बसायचे आणि माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे, की मला घास गिळायची भीती वाटायची.

"घाई नका करू, भाऊ. जीभ काय म्हणते ते सांगा. तुम्ही काय म्हणता ते नको."

नाना आमचे शेजारी. मूळचे कळवणकडचे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, स्वयंपाक स्वतःच करतात. एकुलती एक मुलगी केतकी इटलीत नोकरीला गेली आणि तिथल्याच मार्कोशी लग्न करून मोकळी झाली. नानांना लग्नानंतर कळलं. फोनवर ते एकच वाक्य बोलले, "आता इकडं यायचं नाय." झालं, बापलेकीचं बोलणं बंद.

मग एक दिवस केतकीच्या मैत्रिणीबरोबर एक बाटली आली. सोआवे नावाची पांढरी वाईन, मार्कोच्या वडिलांनी घरच्या द्राक्षांची केलेली. सोबत निरोप होता : डिसेंबरात आम्ही दोघं एक संध्याकाळ येतोय, तेव्हा उघडू.

दुसऱ्या कोणी ती बाटली मोरीत ओतली असती. नानांनी तिला हळदकुंकू लावलं आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी आडवी निजवली. "व्याह्यांकडचा पहिला आहेर हाय," मला म्हणाले. "त्याच्यासमोर आपल्या घरचं तोलामोलाचं काही ठेवायला नको?"

तेव्हापासून माझी जीभ त्यांच्या नोकरीत होती. खरी बाटली एकच, म्हणून सराव नाशिकच्या वाईनवर. मिसळीपुढे वाईनचं पाणी होतं, हे पहिल्याच रविवारी ठरलं. पण सुरळीची वडी झकास जमली. कोथिंबीर वडीवर लिंबू पिळलं, तेव्हा तर मी दुसरा ग्लास मागितला. नाना खूश होऊन आत जायचे, केतकीला फोन लावायचे आणि तोंड पाडून बाहेर यायचे.

"नाय चालणार म्हणते."

"का?"

"तेलकट हाय म्हणे." कधी आंबट, कधी बेसन जड. वाईनपुरतंच बोलणं व्हायचं. 'कशी आहेस' नाही की 'कसे आहात' नाही.

इकडे माझी बायको वंदना वैतागली होती. "भर दुपारी तोंडाला वास घेऊन यायचं, आणि वर म्हणे शेजारधर्म!"

बघता बघता ती संध्याकाळ आली, आणि पास झालेला पदार्थ एकही नव्हता. नानांनी मला धीराला बोलावलं होतं. "भाऊ, जावयानं घास बाजूला सारला, तर ती परत नाय यायची." गॅसवर मटारभात होता. ओले मटार, तूप, वरून खोबरं-कोथिंबीर, तिखटाचं नाव नाही. "घाबरलो की मला एवढंच येतं," ते म्हणाले.

बाटली मी उघडली. मार्कोने एक घोट घेतला, एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. नानांची बोटं माळेवर गेली. मार्को केतकीला भराभरा काहीतरी सांगू लागला. ते संपतच नव्हतं.

"नाना," केतकी म्हणाली, "तो विचारतोय, हे तुम्हाला त्याच्या आईने सांगितलं का? त्यांच्या घरी या वाईनबरोबर मटार आणि भातच करतात."

नाना खुर्चीत अक्षरशः कोसळले. मग उठले आणि जावई दोन्ही हात आडवे धरत असताना त्याच्या ताटात भाताचा डोंगर केला.

स्वयंपाकघरात केतकी एकटी सापडली, तेव्हा मी हिशेब चुकता केला. "ती कोथिंबीर वडी काय सुरेख जमली होती! उगाच नापास केलीस."

"जमणार हे मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "पण हो म्हटलं असतं, तर नानांचा पुढचा फोन आला नसता."

इतके रविवार माझ्या जिभेशी खेळ केला म्हणून रागवायचं मनात होतं. जमलं नाही.

ती दोघं गेली. पुढच्या रविवारी संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. हातात नुसता फोन.

"बाटली संपली, भाऊ. आता तिला काय विचारायला फोन करू?"

मी म्हणालो, "जेवलीस का, एवढंच विचारा."

त्यांनी फोन लावला, घसा खाकरला आणि विचारलं. फोन कानाला घट्ट धरून नाना तसेच दारात उभे होते. मग हळूच म्हणाले,

"रडू नको, बाळा. मी पण नाय जेवलो अजून."