बाइंडरांची भारदस्त वही

"वर्षाकाठी तीनशे पासष्ट प्रार्थना! एक दिवस जरी चुकला तरी नाव बदलून ठेवा माझं!"

चहाच्या टेबलावर बाइंडरांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या बायकोने मान वर न करता विचारलं, "दोरीवरच्या उड्या किती दिवस टिकल्या होत्या?"

"चार. पण ते शरीराचं होतं. हे आत्म्याचं आहे!"

प्रार्थना लिहून ठेवावी, म्हणजे प्रभूने कधी काय दिलं ते विसरायला होत नाही, असं पाळकसाहेबांनी चर्चच्या उपासनेत सांगितलं होतं. बाकीच्यांनी दुकानातून साध्या वह्या आणल्या. पण ज्याचा जन्म लोकांची पुस्तकं शिवण्यात गेला, तो साधी वही घेईल? बाइंडरांनी आठ दिवस खपून स्वतः वही बांधली. कातडी पाठ, जाड पुठ्ठा, आत आखलेले रकाने: तारीख, प्रार्थना, उत्तर. वही इतकी भारदस्त झाली की कुठल्याच कपाटात मावेना! शेवटी ती जेवणाच्या टेबलावरच उघडी पडून राहू लागली.

आता मागायचं काय? जगाची शांती पहिल्या ओळीत संपली आणि पेन अडलं. तेवढ्यात न्हाणीघरातला नळ टपटपला. बाइंडरांनी लिहिलं, 'प्रभू, हा नळ थांबू दे,' आणि ते दुकानात निघून गेले.

संध्याकाळी येऊन बघतात तर नळ गप्प! बाइंडरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी लाल शाईत लिहिलं, 'उत्तर मिळाले.' दुसऱ्या दिवशी निळ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. मिळाले! तिसऱ्या दिवशी मागच्या दाराची करकर. मिळाले! चौथा दिवस ओलांडला, पाचवाही ओलांडला. बायकोला वाटत होतं, नवराच गुपचूप कामं उरकतोय. विचारलं तर थांबेल, या भीतीने ती बिचारी अवाक्षर काढत नव्हती.

बाइंडरांच्या पोटात मात्र काही राहीना. गिऱ्हाइकांना सांगून झालं, शेजारच्या चष्मेवाल्याला दोनदा सांगून झालं, शेवटी गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली.

"अरे वा! मग येत्या रविवारी साक्ष द्या की!"

सगळ्या मंडळीपुढे उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं! आजवर साक्ष द्यायला बाइंडरांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांना आकाश ठेंगणं झालं.

हिंमत वाढली होती. शनिवारी सकाळी त्यांनी मोठ्याच कामाला हात घातला. गेल्या वर्षी सासूबाई कायमच्या राहायला आल्या होत्या. बाई प्रेमळ, पण जीभ म्हणजे दाभण! बाइंडरांनी लिहिलं, 'प्रभू, सासूबाईंचं टोचून बोलणं थांबू दे,' आणि वही तशीच उघडी टाकून ते गेले.

संध्याकाळी सासूबाई मुक्या! रविवारी सकाळी चहा गार होता, तरी मुक्या. जावयाच्या एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात तपकिरी, तरी मुक्याच! बाइंडर तरंगतच चर्चमध्ये पोचले.

"मंडळी," त्यांनी सुरुवात केली, "कोणी हात लावला नाही, तरी नळ थांबला!"

पहिल्या बाकावर सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"बटण आपोआप लागलं!"

सासूबाईंनी तोंडावर रुमाल दाबला.

"आणि ते करकरणारं दार! बंधुभगिनींनो, कोणाही माणसाचा हात न लागता..."

"अहो जावईबापू!" सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "मग माझ्या हाताला हे फोड कसले आलेत?"

साऱ्या मंडळींच्या माना सासूबाईंकडे वळल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही?" बाइंडरांचा आवाज चिरकला. "सगळं तुम्ही केलंत?"

"नाहीतर कोण? लाल शाईत पोच देत होतात, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे!"

"पण... का?"

"का म्हणजे?" सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "या घरात आल्यापासून रोज मागते, प्रभू, मला नुसतं बसवून ठेवू नकोस, काहीतरी काम दे. लेक कशाला हात लावू देत नाही. तुम्ही पाहुणी असल्यासारखं वागवता. त्या दिवशी आमेन म्हणून डोळे उघडले, तर समोर तुमची वही!"

बाइंडरांना भरून आलं. वर्षभर एका टेबलावर जेवूनही ही बाई रोज काय मागते, हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मंडळी, ही साक्ष माझी नाही. यांची आहे," असं म्हणून ते खाली बसले. मंडळींनी 'आमेन' इतक्या जोरात म्हटलं की खिडकीची काच हलली!

घरी आल्यावर बाइंडरांनी सासूबाईंची प्रार्थना वहीत लिहिली, पुढे लाल शाईत 'मिळाले' लिहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना अगदी हलकं वाटलं. मग शनिवारच्या ओळीवर नजर गेली. त्यांनी घाईघाईने त्यावर पंजा ठेवला.

"झाकू नका, वाचलंय मी," मागून सासूबाई म्हणाल्या. "करूनही पाहिलं. सव्वा दिवस टिकलं. हे काम माझ्या हातचं नाही, ते तुम्ही प्रभूलाच सांगा. आणि सांगताना जरा अक्षर सुधारा! तुमचं हे मुंग्यांचं वारूळ त्यालाही वाचता यायचं नाही!"