हरवलेले चार फूट

बाहेरून मोजलं तर घर आणि गोठा मिळून ब्याऐंशी फूट भरत होते आणि आतून, भिंतींची जाडी धरूनसुद्धा, अठ्ठ्याहत्तर. भाचीने तिसऱ्यांदा बेरीज केली. चार फूट काही सापडेनात.

जुन्या इमारतींचे नकाशे काढणं हा तिचा व्यवसाय. टेपचं दुसरं टोक धरायला पोस्टातून निवृत्त झालेले मामा. घर दोनशे वर्षांचं, दगडी. स्वयंपाकघराच्या पाठीला पाठ लावून गोठा, दोघांवर एकच छप्पर. गुरं कधीच गेली होती. मालकीणबाईंना मधली भिंत पाडून टाकायची होती आणि गवंडी सोमवारी येणार होते.

"मामा, टेप नीट धरलीत ना?"

"मी धरलीय ती हलणार नाही. घर हललं असेल तर बघ."

भर दुपारीही गोठ्यात काळोख साचला होता. भाचीने मधल्या भिंतीवरून हात फिरवला. सगळे दगड गारठलेले, छातीच्या उंचीवरचा एकच कोमट. नुकतंच कुणी टेकून गेल्यासारखा. तिने बोटाने टकटक केली.

आतून दोनदा टकटक झाली.

"उंदीर," मामा म्हणाले आणि दाराकडे सरकले.

"उंदीर मोजून वाजवत नाहीत, मामा."

गव्हाणीच्या मागे दोन दगडांत फट होती. तिने टेप आत सरकवली. एक फूट, दोन, तीन. तिथे टेप अडली. मग पलीकडून कुणीतरी ती हळूच आत ओढून घेतली.

भाचीने टेप सोडली नाही, कारण बोटंच उघडेनात. मामा माळ्याच्या शिडीवर अर्धे चढले होते. कसे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मोजून झालं असेल तर जा आता," भिंत म्हणाली आणि खोकली.

गव्हाणीखालची फळी सरकली. धुळीने पांढरं झालेलं एक डोकं बाहेर आलं. ते मालक होते. तासाभरापूर्वी हेच गृहस्थ छत्री घेऊन बाजारात गेले होते. त्यांच्यामागे दोन भिंतींमधली चिंचोळी पोकळी, खुर्ची, कंदील आणि छतापर्यंत पुस्तकं.

"बत्तीस वर्षं झाली लग्नाला," ते कुजबुजले. "ही बोलते, मी ऐकतो. तक्रार नाही. फक्त दोन ते पाच ऐकत नाही. सोमवारी माझं सगळं जाणार हो."

मामा शिडीवरून उतरले, त्यांनी वाकून आत बघितलं. "दुसरी खुर्ची मावेल का?"

स्वयंपाकघरात भाचीने नकाशा पसरला. व्यवसायात आजवर ती एक इंचही खोटं बोलली नव्हती. तिचे कान तापले.

"बाई, ही भिंत पाडता येणार नाही. भरीव आहे, छपराचा सगळा भार हिच्यावर."

"भरीव?"

"पूर्ण."

मालकीणबाई नकाशावरच्या त्याच भिंतीवर बोट टेकवून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग हिला वरच्या बाजूला एक झरोका तरी ठेवता येईल का? आत फार ओल आहे. ह्यांचा खोकला काही थांबत नाही."